एक मृत्युपत्र, दोन दत्तक: ताईमहाराज प्रकरण टिळकांकडून नव्हे, घराण्याकडून वाचताना

धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.

७ ऑगस्ट १८९७, पुणे. दख्खनच्या पहिल्या वर्गाच्या सरदारांत गणले जाणारे वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज पटकीने अंथरुणाला खिळले होते. त्या दिवशी त्यांनी मृत्युपत्र करून दिले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. मालमत्तेची व्यवस्था ज्यांच्या हाती सोपवली त्यांत बाळ गंगाधर टिळक होते आणि अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डेही होते. टिळक स्वतः त्या वेळी राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात जामिनावर सुटलेले होते. महिनाभरात खटला उभा राहिला, शिक्षा झाली आणि विश्वस्तपदाचे पहिले वर्ष त्यांनी तुरुंगातच काढले.

बाबामहाराजांच्या मागे त्यांची पत्नी राहिली. विशीही न गाठलेली आणि गरोदर. कागदोपत्री तिची ओळख ‘ताईमहाराज’ या संबोधनानेच होते आणि पुढे खटल्यालाही तेच नाव चिकटले.

टिळकांच्या चरित्रांत हे प्रकरण येते ते टिळकांवरचे एक किटाळ आणि त्यातून झालेली सुटका म्हणून. ते वर्णन चुकीचे नाही. पण मुळात ही एका जमीनदार घराण्याच्या वारसाची गोष्ट आहे. मृत्युपत्र, प्रोबेट, मुखत्यारपत्र, दत्तकाचे कागद, प्रवासाचा जमाखर्च, साक्षी आणि निकालपत्रे अशी कागदांची पूर्ण उतरंड तिच्यात सापडते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या वतनदार-इनामदार घरांचा माग काढण्याची इच्छा अनेकांना असते आणि घरात एखादे खरेदीखत किंवा मृत्युपत्र सापडले की सारे कोडे सुटले असे वाटू लागते. म्हणून हे प्रकरण कागदांच्या क्रमाने वाचू. प्रत्येक कागद काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे इथे जितके उघडे पडते तितके क्वचितच कुठे पडत असेल.

आधी घराणे. पंडित महाराजांची मालमत्ता इनामी होती. तिचा काही भाग ब्रिटिश मुलखात आणि काही कोल्हापूर संस्थानात होता. एक घर, पण दोन राज्ये. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

इनामी जमीन म्हणजे जिचा सारा पूर्णतः किंवा अंशतः माफ आहे अशी जमीन. पेशवाई बुडाल्यावर अशा प्रत्येक माफीकडे इंग्रज सरकार संशयाने पाहू लागले. ही माफी कोणी दिली, केव्हा दिली, देणाऱ्याला तो अधिकार होता का, आणि मूळ पुरुषाचा वंश अजून चालू आहे का, असे प्रश्न सुरू झाले. १८५२ च्या ११व्या कायद्याने इनाम कमिशनला या चौकशीचे पक्के अधिकार मिळाले. गावोगावच्या इनामदारांनी सनदा, वंशावळी, कैफियती सादर केल्या. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांत घराण्यांची जी माहिती मिळते, तिचा मोठा हिस्सा या धास्तीतून तयार झालेला आहे. कुटुंबाने हौसेने इतिहास लिहिला नव्हता. सरकारने विचारले म्हणून वंशावळ लिहून दिली. म्हणूनच अशा वंशावळीत मुली जवळजवळ नसतात आणि जमिनीवर हक्क सांगू शकणारे पुरुष मात्र ठळकपणे असतात.

वंश चालू आहे का, या एका प्रश्नावर घराचे उत्पन्न अवलंबून असेल, तर पुत्रहीन मृत्यू हे केवळ घरचे दुःख राहत नाही, ते महसुली संकट होते. १९व्या शतकातल्या दख्खनी घराण्यांत दत्तके इतकी का, याचे एक कारण धर्मशास्त्रात आहे आणि दुसरे सरकारी दप्तरात.

आता मृत्युपत्र. हिंदू कायद्यात मृत्युपत्राची परंपरा जुनी नाही. एकत्र कुटुंबातल्या सहदायादाचा हिस्सा त्याच्या मृत्यूनंतर उरलेल्यांकडे जात असे. मग मरणाऱ्याने लिहून ठेवायचे कशाचे? इंग्रजी न्यायालयांच्या काळात मात्र स्वार्जित मालमत्ता असलेले, विभक्त झालेले किंवा घरात एकटेच उरलेले पुरुष मृत्युपत्रे करू लागले आणि न्यायालये ती मान्य करू लागली. बाबामहाराजांचे मृत्युपत्र या नव्या रीतीचे आहे. त्यातला आशय असा: पत्नी गरोदर आहे, मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने, लागेल तितक्या वेळा, तिच्या मांडीवर शास्त्रोक्त दत्तक द्यावा आणि तो मुलगा सज्ञान होईपर्यंत स्थावर-जंगमाची वहिवाट विश्वस्तांनी पाहावी.

ही व्यवस्था नीट उलगडून पाहिली पाहिजे. पश्चिम भारतात, म्हणजे मयूख मानणाऱ्या मुलखात, विधवेला दत्तक घेण्यासाठी पतीची स्पष्ट आज्ञा लागत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १८६८ मध्ये रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात सांगितले होते. बंगालमधल्या विधवेला असे स्वातंत्र्य नव्हते. म्हणजे मृत्युपत्र नसते, तर ताईमहाराजांना दत्तक घेण्याचा अधिकार कायद्याने होताच. मृत्युपत्राने तो अधिकार दिला असे वरवर दिसते, पण प्रत्यक्षात त्याने त्या अधिकाराभोवती विश्वस्तांच्या संमतीचे कुंपण घातले. नवऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. लहान वयाची विधवा, कर्जाचा बोजा, कोल्हापूर दरबारशी संबंध, अवतीभवती हितसंबंधी माणसे. मरणाऱ्या माणसाला विश्वासू परके नातलगांपेक्षा बरे वाटले असतील. तरी कागद काय करतो ते पाहायला हवे. या कागदात दोन वारस कल्पिलेले आहेत, एक पोटातला आणि एक अजून न शोधलेला, आणि दोघांच्याही वतीने कारभार पुरुष पाहणार आहेत. स्त्रीचा उल्लेख मांडीपुरता आहे.

१८९८ मध्ये मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच गेला.

हे एका ओळीत संपते, कारण कागदांत ते एका ओळीतच येते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या काही आठवड्यांना मोठे मोल होते. बापाची मालमत्ता त्या बाळाकडे आली आणि बाळाच्या मृत्यूनंतर त्याची वारस म्हणून आईकडे, मर्यादित हक्काने. मग मृत्युपत्रातले विश्वस्त नेमके कोणाच्या मालमत्तेचे विश्वस्त उरले? हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. तीन वर्षांनी तो विचारला गेला.

त्याआधी प्रोबेटबद्दल थोडे, कारण सोलापूरच्या संशोधकालाही त्याचा उपयोग आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे आणि अमुक माणसे त्याची अंमलबजावणी करण्यास पात्र आहेत, असा न्यायालयाचा दाखला. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्रांना तो आवश्यक होता. पुणे-सोलापूरसारख्या मुफस्सल भागात १८८१ च्या कायद्याने तो घेता येई, पण घेतलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. त्यामुळे आपल्याकडच्या बहुसंख्य मृत्युपत्रांचा न्यायालयीन मागमूस सापडत नाही. ती घरातच राहिली. बाबामहाराजांच्या मृत्युपत्राचे प्रोबेट विश्वस्तांनी घेतले. त्याने त्यांचे हात बळकट झाले, पण विरोधकांना एक दारही मिळाले. दिलेला दाखला रद्द करा असा अर्ज कोणीही हितसंबंधी करू शकतो.

तुरुंगातून सुटल्यावर टिळकांनी कर्ज फेडण्यासाठी काटकसर सुरू केली. सरदारी घराचा खर्च आणि विश्वस्तांचा हिशेब यांची खडाखडी होणे अपरिहार्य होते. ताईमहाराजांची आणि विश्वस्तांची मने कशी दुरावली याची कथा दोन्ही बाजूंनी पुढे न्यायालयात सांगितली आणि दोन्ही कथा एकमेकींना छेद देतात. घरच्या कारभारातले नागपूरकर ताईमहाराजांच्या बाजूला गेले, इतके स्पष्ट आहे.

जून १९०१. ताईमहाराज, टिळक, खापर्डे आणि इतर मंडळी औरंगाबादला गेली. तो निजामाचा मुलूख. पंडित घराण्याचीच एक शाखा त्या बाजूला होती आणि तिच्यातला जगन्नाथ हा मुलगा दत्तक म्हणून पुढे आला. २७ आणि २८ जून या दोन दिवसांत तिथे जे घडले, त्यावर पुढची चौदा वर्षे वाद चालला. विश्वस्तांचे म्हणणे असे की दत्तविधान रीतसर पूर्ण झाले आणि ताईमहाराजांनी कागदांवर सह्या केल्या. ताईमहाराजांच्या बाजूचे म्हणणे असे की मुलाची फार तर निवड झाली, दत्तविधान झालेच नाही आणि जे झाले ते दडपणाखाली झाले.

‘निवडणे’ आणि ‘देणे’ या दोन क्रियापदांत सारी जमीन अडकली होती. हिंदू कायद्यात दत्तक कागदाने होत नाही. जन्मदात्याने मुलगा द्यायचा आणि घेणारीने तो घ्यायचा, ही प्रत्यक्ष कृती म्हणजे दत्तक. कागद हा त्या कृतीचा पुरावा असतो, कृती नव्हे. जुन्या घरात दत्तकपत्र सापडले आणि त्यावरून तुम्ही वंशवृक्षात एक फांदी जोडली, तर थांबा. तो कागद कृतीनंतर किती दिवसांनी लिहिला गेला? साक्षीदार कोणाच्या बाजूचे? पुढच्या महसुली नोंदीत त्या मुलाचे नाव आले का, की मध्येच दुसरेच नाव आले?

इथे दुसरे नाव आले. पुण्यास परतल्यावर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९०१ मध्ये, ताईमहाराजांनी कोल्हापूरकडच्या शाखेतले बाळामहाराज दत्तक घेतले. या दत्तकाला कोल्हापूर दरबारचा पाठिंबा होता.

एक मुलगा हयात असताना दुसरा दत्तक घेता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८४६ च्या रंगम्मा विरुद्ध अच्चम्मा या मद्रासकडच्या खटल्यात हे ठरवून टाकले होते. म्हणून दोन्ही दत्तके खरी असणे शक्य नव्हते. औरंगाबादचे दत्तविधान पूर्ण झाले असेल, तर बाळामहाराजांचे दत्तक जन्मतःच निरर्थक. ते झाले नसेल, तर बाळामहाराज वारस. मधला मार्ग नाही. जून महिन्यातल्या त्या दोन दिवसांवर दोन्ही बाजू इतक्या त्वेषाने का तुटून पडल्या, ते यावरून समजते.

इथे एक प्रचलित समज तपासून पाहू. वेदोक्त प्रकरणी ‘केसरी’ने छत्रपती शाहू महाराजांविरुद्ध भूमिका घेतली आणि त्याचा सूड म्हणून कोल्हापूरने ताईमहाराजांना हाताशी धरले, असे अनेकदा ऐकू येते. ‘केसरी’तले ते गाजलेले लेख १९०१ च्या ऑक्टोबरमधले आहेत. औरंगाबादची फेरी जूनमधली, दुसरे दत्तक ऑगस्टमधले. म्हणजे लेखांआधीच दत्तकाचा तंटा पूर्ण पेटलेला होता. वेदोक्ताचा वाद त्याआधीपासून धुमसत होता हे खरे, त्यामुळे राजकारणाचा संबंधच नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण लेख कारण आणि दत्तक परिणाम हा क्रम तारखांत बसत नाही. मला स्वतःला कोल्हापूरच्या हितसंबंधाचे साधे कारण अधिक पटते: इनामाची जमीन संस्थानात होती आणि तिचा वारस आपल्या हद्दीतला असावा, असे कोणत्याही दरबारला वाटले असते.

जुलै १९०१ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज पडला. न्यायाधीश अ‍ॅस्टन. एप्रिल १९०२ मध्ये त्यांनी प्रोबेट रद्द केले. मुलगा जन्माला आल्यावर विश्वस्तांचे काम संपले, हा मघाचा न विचारलेला प्रश्न आता निकालाचा पाया झाला. अ‍ॅस्टन तेवढ्यावर थांबले नाहीत. अर्जाच्या चौकशीत टिळकांची दीर्घ उलटतपासणी झाली होती. तिच्या आधारे त्यांनी टिळकांवर फौजदारी कारवाईसाठी सात आरोप काढले. नागपूरकरांविरुद्ध विश्वासघाताची खोटी फिर्याद, औरंगाबाद प्रवासाच्या जमाखर्चात फेरफार करून खोटा पुरावा तयार करणे, ताईमहाराजांच्या सहीचे म्हणवलेले मुखत्यारपत्र खरे म्हणून वापरणे, खोटी साक्ष देणे, असे त्यांचे स्वरूप होते.

प्रवासाचा जमाखर्च! भाडे, शिधा, दक्षिणा यांच्या नोंदींची ती वही. ती लिहिणाऱ्याला एवढेच ठाऊक होते की परतल्यावर पैशांचा मेळ बसला पाहिजे. न्यायालयाने तिला विचारले, समारंभ झाला का? संशोधकही हेच करतो: कागदाला त्याच्या लेखकाने कधी न कल्पिलेला प्रश्न विचारतो. फरक इतकाच की न्यायालयाला कोणत्या तरी एका बाजूने निकाल द्यावाच लागतो. संशोधकावर ती सक्ती नसते आणि ही मोकळीक आपण फार कमी वापरतो.

उच्च न्यायालयाने प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम फिरवला, पण फौजदारी प्रकरण पुढे चालू राहिले. २४ ऑगस्ट १९०३ रोजी विशेष मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी खोट्या साक्षीच्या आरोपावरून टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी आणि दंड सुनावला. सेशन्स न्यायाधीश ल्यूकस यांनी ती शिक्षा ६ महिन्यांवर आणली. ४ मार्च १९०४ रोजी मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढे उच्च न्यायालयात ती पूर्णपणे रद्द झाली आणि उरलेले आरोप सरकारने मागे घेतले. टिळक-चरित्रातला हा विजयाचा क्षण आहे.

घराण्याच्या बाजूने वाचताना मधलीच एक तारीख डोळ्यांत भरते: ३० सप्टेंबर १९०३. शिक्षा झाल्यानंतर आणि ती रद्द होण्यापूर्वी, त्या दिवशी ताईमहाराज वारल्या. १८९७ ते १९०३ या सहा वर्षांत त्यांनी नवरा गमावला, तान्हे मूल गमावले, दोन मुलगे दत्तक घेतले किंवा घेतले नाहीत, आणि वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. पंचविशीच्या आतच सारे संपले.

त्यांना काय हवे होते? एवढ्या कागदांत याचे उत्तर मिळेल असे वाटते, पण नीट पाहिले तर त्यांचे प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी कागदात आहे. विश्वस्तांनी ठेवलेल्या पत्रांत त्यांची सही आहे. अर्जातली भाषा वकिलाची आहे. साक्षीतले शब्द त्यांचे, पण प्रश्न परक्याने विचारलेले, मराठीतून इंग्रजीत उतरवलेले आणि लेखनिकाने नेमके केलेले. टिळकभक्त म्हणतात, बाई लोकांच्या नादी लागली. टिळकांचे विरोधक म्हणतात, बाईवर जबरदस्ती झाली. दोन्ही वाक्यांत बाईने स्वतः काही ठरवल्याची शक्यताच नाही, हे मला खटकते. जूनमध्ये एका मुलाला होकार देऊन ऑगस्टमध्ये तिचे मन बदलले असेल, ही अगदी साधी मानवी शक्यता. कायद्यात तिला जागा नव्हती, कारण झालेले दत्तक मोडता येत नाही. म्हणून मन बदललेल्या बाईला ‘दत्तक झालेच नाही’ असेच म्हणावे लागले असते. तसे घडले असे मी म्हणत नाही. पण साक्षीतले वाक्य आणि मनातले वाक्य यांच्यामध्ये कायदा उभा असतो, हे ध्यानात ठेवूनच साक्ष वाचावी लागते.

थोडे थांबून सोलापूरकडे येऊ, कारण दोन राज्यांत विभागलेल्या घराण्याचा प्रश्न आपल्याकडे पुण्यापेक्षा अधिक तीव्र आहे. १९०० च्या सुमारास सोलापूर शहरातून आग्नेयेला निघालात की अक्कलकोट संस्थान लागे, ईशान्येला तुळजापूरकडे निघालात की निजामाचा मुलूख. मंगळवेढा सांगली संस्थानात. खुद्द जिल्ह्याचीही घडण तुकड्यातुकड्यांनी झाली: १८३८ मध्ये अहमदनगरपासून उपजिल्हा वेगळा काढला, १८६४ मध्ये तो मोडला, मग पुन्हा उभा केला; पंढरपूर आणि सांगोला साताऱ्याकडून आले, माळशिरस १८७५ मध्ये. म्हणून एखाद्या माळशिरसच्या देशमुख घराण्याचे १८५० चे कागद सोलापुरात शोधून सापडले नाहीत तर नवल नाही. ते साताऱ्याच्या दप्तरात असण्याचा संभव जास्त. निजामी बाजूचे कागद फारसी-उर्दूत, आपले मोडीत. कालगणनाही एक नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, सुहूर सनात साधारण ५९९, दख्खनी फसलीत ५९० च्या आसपास. एकाच घरातले दोन कागद परस्परविरोधी वाटले, तर आधी सन तपासावा.

सोलापूरची आणखी एक खासियत. १८७५ च्या दंग्यांनंतर आलेला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. शेतकऱ्यांची कर्जखते गाव-निबंधकासमोर लिहिली जाऊ लागली आणि कागदावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. सरकारलाच ठाऊक होते की कागदावर एक आणि व्यवहारात दुसरे असते. अनेक खरेदीखते प्रत्यक्षात गहाणखते होती. कर्ज फिटले की जमीन परत द्यायची, असे तोंडी ठरलेले असे. म्हणून खरेदीखत सापडले की ‘अमुक साली जमीन गेली’ असे लिहून मोकळे होऊ नये. पुढच्या वर्षी त्या शेताची वहिवाट कोणाकडे होती ते पाहावे. दत्तकाबाबतही एक खूण आहे: दत्तक घेण्याचा अधिकार देणारा लेख मृत्युपत्राबाहेरचा असेल आणि १ जानेवारी १८७२ नंतरचा असेल, तर त्याची नोंदणी सक्तीची होती. घरात नसला तरी निबंधकाच्या वहीत तो सापडू शकतो. आणि अगदी शेवटच्या टोकाला १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा, १९५२ चा वैयक्तिक इनामांचा आणि १९६२ चा पाटील वतनांचा. या प्रत्येकाने जमिनीच्या फेरबहालीच्या चौकशा मागे ठेवल्या आणि त्यांत कुटुंबाने स्वतःची वंशावळ पुन्हा एकदा, शंभर वर्षांनी, सरकारला लिहून दिलेली असते. इनाम कमिशनपुढची वंशावळ आणि ही वंशावळ शेजारी ठेवून पाहा. मधल्या काळात कोणती नावे गळाली, हे पाहण्यासारखे असते.

आता पुण्याचा दावा संपवू. जगन्नाथ हाच खरा दत्तक असे जाहीर करून मिळावे, म्हणून टिळक वगैरे मंडळींनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादी बाळामहाराज, दत्तकानंतरचे त्यांचे नाव श्रीनिवास, म्हणून कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ म्हणून सापडतो. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाच्या बाजूने निकाल दिला. १९१० मध्ये उच्च न्यायालयात चंदावरकर आणि हीटन यांनी तो उलटवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले.

२६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. औरंगाबादचे दत्तविधान झाले होते, असे लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या निर्णयात मान्य झाले. उच्च न्यायालयाच्या पद्धतीवर त्यांचा मुख्य आक्षेप असा: साक्षीदाराच्या आधीच्या जबान्या त्याच्याविरुद्ध वापरायच्या असतील, तर त्या त्याच्यासमोर ठेवून खुलासा करण्याची संधी त्याला दिली पाहिजे; तसे न करता प्रतिष्ठित माणसांना खोटे ठरवता येणार नाही. हे तत्त्व पुराव्याच्या कायद्यात आजही उद्धृत केले जाते. एका इनामदार घराच्या दत्तकाने भारतीय न्यायालयांना दिलेली ही देणगी फारशी कोणाला ठाऊक नसते.

पुरावा पाहता हा निकाल मला योग्य वाटतो. टिळकांनी कट करून खोटे दत्तक उभे केले, हा आरोप टिकण्यासारखा नव्हता. पण तो निकाल साक्षीदारांच्या सचोटीबद्दल आहे. टिळकांना खुलाशाची संधी मिळायला हवी होती, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की ताईमहाराजांना ती आता कोणीच देऊ शकत नव्हते.

जमिनीचे काय? प्रिव्ही कौन्सिलचा निकाल ब्रिटिश हद्दीपुरता. कोल्हापूर संस्थानातल्या इनामाला तो आपोआप लागू होत नव्हता. तिथे कोणाला वारस मानायचे हे दरबारच्या हाती होते. साडेसतरा वर्षांपूर्वी मरणाऱ्या माणसाने स्थावर-जंगमाची वहिवाट एका वाक्यात विश्वस्तांच्या हाती दिली होती. ते वाक्य लिहिताना हद्द कुठे संपते याचा विचार झालेला दिसत नाही. ब्रिटिश मुलखात जगन्नाथ महाराज कायदेशीर वारस ठरले, त्या दिवशी ताईमहाराजांच्या मृत्यूला साडेअकरा वर्षे होत आली होती.